रिवर्कचा पिवळा टॅग

नापास या शब्दाचा माझ्या मामेसासऱ्यांइतका द्वेष उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी केला नसेल. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर गाड्यांचे सुटे भाग तपासले. चांगल्या मालाला हिरवा टॅग, भंगाराला लाल आणि दुरुस्त होण्यासारख्या मालाला पिवळा, म्हणजे रिवर्क. निवृत्त झाल्यावर मामांनी हाच कायदा माणसांना लावला. कंपन्यांत कंत्राटावर राबता राबता पदवीचे विषय राहून गेलेली गरिबांची मुलंमुली ते हुडकून काढत, त्यांचे फॉर्म भरत, विद्यापीठाच्या खिडक्यांवर भांडत आणि प्रत्येकाच्या फाइलला पिवळा टॅग बांधत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, फुटलेले मोदक टाकायला काढले तेव्हा "टाकतेस काय? रिवर्क आहेत," म्हणून त्यांनी ते परत वळायला लावले होते. लाल टॅगचा गठ्ठा त्यांनी कधी उघडलाच नाही.

घड्याळही ते शिफ्टमध्येच वाचत. सकाळ म्हणजे फर्स्ट शिफ्ट, दुपार म्हणजे सेकंड. त्यांच्या भरवशावर आम्ही एका लग्नाला सेकंड शिफ्टला पोचलो, तर शेवटच्या पंगती उठत होत्या. आम्ही पोट धरून हसलो. आता वाटतं, तेव्हाच त्यांना टोकायला हवं होतं. शिवाय "पोरं कागद हरवतात" म्हणून सगळ्यांची हॉल तिकिटं ते स्वतःजवळ ठेवत आणि परीक्षेच्या फाटकावरच हातात देत.

सुवर्णा महाळुंग्यात भाड्याच्या खोलीत राहायची. आईवडील लातूरकडून आलेले. ती वायरिंगच्या लाइनवर दिवसभर उभी असे. बी.कॉम.चा एकच विषय उरला होता, संख्याशास्त्र, आणि नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. हुकली तर आधीची सगळी वर्षं बाद. मामांनी तिला ताटात वॉशर मांडून सरासरी शिकवली. "मामा, पेपरात वॉशर येत नाहीत की," ती हसायची. पण गणितं बरोबर येऊ लागली होती. "पेपर सेकंड शिफ्टला आहे. अर्धा दिवस तरी सोड म्हणावं कंपनीला," मामांनी बजावलं.

पेपर दोनला होता. मी मामांना स्कूटरवरून चिंचवडच्या केंद्रावर नेलं होतं. एक वाजल्यापासून ते हॉल तिकीट धरून उभे. दोन वाजले, अडीच वाजले, फाटक बंद झालं. तिचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, नुसता वाजत होता. तीन दहाला ती रिक्षातून उतरून धावत आली, अंगात कंपनीचाच शर्ट, आणि चेहरा आनंदाने फुललेला.

"वीस मिनिटं आधीच आले, मामा!"

तिच्या कंपनीची सेकंड शिफ्ट साडेतीनला लागते.

हॉल तिकिटावरची वेळ तिने वाचली. "तुम्ही सेकंड शिफ्ट म्हणले होते," एवढंच ती म्हणाली. रागावून नाही, चूक कुठे झाली ते शोधत असल्यासारखी. खिडक्यांवर भांडणारे मामा त्या दिवशी वॉचमनपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांपुढे हात जोडत फिरले. मला बघवेना.

त्यानंतर त्यांनी विद्यापीठाला कितीतरी अर्ज केले. उत्तर एकच यायचं. नव्याने नाव घालण्याचा फॉर्म घेऊन ते तिच्या कंपनीच्या फाटकावर गेले, तर ती म्हणाली, "आता कशाला मामा? जाऊ द्या मला, सेकंड शिफ्ट आहे माझी." हे मला सांगताना ते रडले. मीही रडले.

परवा मी त्यांना फोनवर विचारलं, "मामा, उद्या चहाला कधी येता?"

"दुपारी साडेतीन वाजता," घड्याळ नुकतंच शिकलेल्या मुलासारखं ते जपून म्हणाले.

आले मात्र तीन दहाला. काखेत सुवर्णाची फाइल होती. टॅग अजून पिवळाच होता. मी चहा ठेवला.