द्राक्षबागेमागचा बांध

नवं आर्थिक धोरण येऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि हैदराबादेत जो तो शहराबाहेरच्या जमिनींबद्दल बोलत होता. मी तेव्हा आबिड्समधल्या एका लहानशा सल्लागार कचेरीत इंजिनिअर होते. कचेरी म्हणजे दोन खोल्या, नकाशे काढायचं एक लांब टेबल आणि आमचे साहेब. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे त्यांना चालवत नसे, म्हणून पायपीट माझ्याकडे असायची.

एके दिवशी मलकपेठेतले एक शेठ आले. मोटारींच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं आणि धंदा नुकताच वर आला होता. शहरापासून तासाभरावर त्यांनी एक जुनी द्राक्षबाग घेतली होती. वेली कधीच वाळून गेल्या होत्या, पण बागेला पाणी मिळावं म्हणून आधीच्या मालकानं ओढ्यावर घातलेलं मातीचं धरण तसंच होतं. म्हणायला धरण, खरं तर दोनशे पावलं लांब आणि दोन पुरुष उंच असा बांध. तिकडचे लोक त्याला कट्टा म्हणत. शेठना तळ्याकाठी सहलीसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि पाण्यात होड्या सोडायच्या होत्या. जी कंपनी ही जागा चालवायला घेणार होती, तिला बांध सुरक्षित असल्याचा दाखला हवा होता.

"एक कागज होना, बस," शेठ म्हणाले. "तीस साल से खडा है कट्टा."

जूनच्या अखेरीस मी बसनं तिथे गेले. टेप, वही आणि डोळे, एवढीच हत्यारं. बांधाच्या टोकाशी झोपडीत एक राखणदार म्हातारी राहत होती. तिचा नवरा द्राक्षांच्या काळापासून इथे राखणीला होता. तो गेल्यावर ती तशीच राहिली. ती तेलुगू बोलायची, माझी तेलुगू तारनाक्याच्या आमच्या गल्लीत शिकलेली, पण आमचं जमलं. माथ्यावर कुठे खचलंय, घुशींची बिळं कुठे आहेत, कोणत्या बाभळीची मुळं बांधात शिरलीत, हे मला मोजून कळायच्या आधीच ती दाखवत होती.

दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत. पायथ्याशी एका जागी ओल होती आणि तिथून करंगळीएवढी धार वाहत होती. म्हातारी त्याच पाण्यावर भांडी घासायची. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. बांधाच्या बाजूला खडकावरून जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा होता. तळं जास्त भरावं म्हणून शेठनी त्या सांडव्यावर कमरेएवढी भिंत घातली होती. म्हणजे मोठा पाऊस झाला की पाणी वाट शोधत बांधाच्याच माथ्यावरून जाणार. आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो काही तासांतच वाहून जातो.

खाली कोणी राहत नाही, असं शेठ म्हणाले होते. मी घड्याळ लावून ओढ्याच्या काठानं चालत गेले. बारा मिनिटांवर दगडफोड्यांची वस्ती होती, एकोणीस घरांची. बाया जेवणं उरकून खडी फोडायला बसल्या होत्या. पाणी माझ्यापेक्षा पुष्कळ लवकर तिथे पोचलं असतं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. आमचे लोक परभणीकडचे. बाबा रेल्वेत रुळांच्या टोळीचे मुकादम होते, तीस वर्षं मातीच्या भरावांवरून चाललेले. ते म्हणाले, "धार सोच्छ असंल तर घाबरू नको. गढूळ यायला लागली की मात्र एक दिवस बी थांबू नको. आतली माती जायली म्हणायचं." मग स्वयंपाकघरातून काचेची एक रिकामी बाटली आणून त्यांनी माझ्या हातात दिली. ती मी पुढच्या खेपेला म्हातारीला नेऊन दिली. रोज सकाळी धारेखाली भरायची, उजेडात धरायची आणि काही वेगळं दिसलं तर हमरस्त्यावरच्या फोनच्या बूथवरून मला कळवायचं, असं ठरलं.

अहवालात मी लिहिलं की भिंत पाडल्याशिवाय आणि पायथा दुरुस्त केल्याशिवाय दाखला देता येणार नाही. साहेबांनी वाचून खाली सही केली. शेठ फार नाराज झाले. आवाज चढवला नाही, पण कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेता गेले. दीड महिना त्यांच्याकडून काही आलं नाही. मी उगाच बाऊ तर केला नाही ना, असंही मला मधूनमधून वाटायचं.

ऑगस्टच्या मध्यात चार दिवस पाऊस हटला नाही. म्हातारीचा फोन आला नव्हता, पण एवढ्या पावसात ती हमरस्त्यापर्यंत येणार तरी कशी? रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी दारात उभी होते. बाबा म्हणाले, "जाऊन ये. नुसतं बघून ये." मी पहिली बस धरली.

झोपडीच्या ओट्यावर म्हातारीनं तीन दिवसांच्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. माझी एक आणि तिच्या तेलाच्या दोन. पहिलीत पाणी नितळ होतं. दुसरीत जरा धुरकट. त्या सकाळची बाटली दुधाच्या चहासारखी दिसत होती. धार आता मनगटाएवढी झाली होती आणि तळ्याचं पाणी बांधाच्या माथ्यापासून दोन हातांवर आलं होतं.

म्हातारीला मी वस्तीकडे पाठवलं. सगळ्यांनी टेकाडावरच्या शाळेत जावं, शेळ्यासुद्धा घेऊन, एवढंच सांगायचं. मी चिखलातून पळत बूथवर गेले आणि शेठच्या घरी फोन लावला.

"शेठजी, पानी में मट्टी आ रही है. दीवार आजच तोडनी पडेगी."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी गाडी काढायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मेरे आने तक रुकता क्या?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. तेच खरं होतं.

तासाभरात ते आले, दुकानातल्या चार माणसांना आणि पहारींना गाडीत कोंबून. तोवर वस्तीतली बायकापोरं टेकाडावर गेली होती, पण पुरुष मात्र घण घेऊन बांधावर आले होते. भिंत फोडायची म्हटल्यावर त्यांच्याइतकं ते काम कोणाला येणार? मी त्यांना एवढंच सांगितलं की एका कडेनं, थोडी थोडी फोडा, पाणी एकदम सुटू देऊ नका. सांडव्याचं पाणी वस्तीच्या बाजूला न जाता पलीकडच्या नाल्यात उतरत होतं, हे मी जूनमध्येच पाहून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याचा मोठा आधार वाटला.

खोल्यांच्या बांधकामासाठी वाळू आणि खडीचे ढीग आणून टाकलेले होते. गळतीच्या तोंडावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असा थर द्यायचा, म्हणजे पाणी बाहेर येतं पण माती आत अडकते. शेठनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि घमेलं उचललं. त्यांना ते नीट पेलत नव्हतं, अर्धी वाळू वाटेतच सांडत होती, पण ते थांबले नाहीत. वाळू पहिल्या दोनदा धारेनं उधळून लावली. तिसऱ्यांदा ती बसली.

तळ्यात मी एक काठी रोवून खुणा केल्या होत्या. दुपारी बारापर्यंत पाणी तसूभरही हललं नाही. मग पहिली खूण उघडी पडली. तीनच्या सुमारास दुसरी. पाऊसही ओसरला होता. दर अर्ध्या तासानं म्हातारी दगडांखालून निघणारं पाणी बाटलीत भरून आणायची आणि आम्ही सगळे ती उजेडात धरून बघायचो. पाचव्या बाटलीतून पलीकडची तिची बोटं दिसली.

"पर्वालेदु," ती म्हणाली. हरकत नाही आता.

मी होते तिथेच चिखलात बसले. का कोण जाणे, हसू येत होतं. घण टेकवून उभे असलेले लोकही हसायला लागले. त्यांच्यातल्या एकानं टेकाडाकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली आणि थोड्या वेळानं बाया पोरांना घेऊन उतरताना दिसल्या. मी माणसं मोजत होते, उगाचच. सगळी होतीच.

शेठ माझ्याशेजारी दगडावर बसले. त्यांच्या हाताला फोड आले होते. वस्तीतून चुलींचा धूर निघायला लागला होता.

"मैडम," ते म्हणाले, "जो देखे, वोच लिखो. सब लिखो."

त्यांनी मला तारनाक्यापर्यंत गाडीनं सोडलं. घरी आईनं माझा अवतार बघून आधी बंब पेटवला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि तिला ताट वाढायला सांगितलं. त्या संध्याकाळी मी चार भाकरी खाल्ल्या.

नव्या अहवालात मी सगळं लिहिलं, तिन्ही बाटल्यांसकट. तो वाचून कंपनी मागे फिरली. मला वाटलं, आता शेठ आमच्या कचेरीची पायरी चढणार नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात तेच आले, दुरुस्तीचा नकाशा काढून द्या म्हणून. बाभळी काढल्या, बिळं खणून पुन्हा माती ठोकून भरली, बांधाचा उतार पसरट केला, पायथ्याला वाळू-दगडांचा कायमचा थर दिला. सांडवा मोकळा राहिला. तळं लहान झालं, होड्या राहून गेल्या. खोल्या मात्र दोन बांधल्या आणि त्यांतली एक म्हातारीला दिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेले. तळं सांडव्यापर्यंत भरलं होतं आणि जादा पाणी खडकावरून निवांत उतरत होतं. माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, पायथ्यानं परत आले. वहीत लिहिण्यासारखं काहीच सापडलं नाही. वस्तीतली एक बाई बांधावर शेळ्या चारत होती. तिनं विचारलं, काय बघता? मी म्हणाले, काही नाही. मग तिच्याशेजारी गवतावर बसले आणि बसची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले.