आमच्या रजिस्टरातलं इंग्रजी

अंबडच्या आमच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला बारा वर्षं काढली. तिथले किस्से शोधावे लागत नाहीत, तक्रारींच्या रजिस्टरात रोज एक नवा पडलेला असतो! काही बिघडलं की कामगार त्यात मराठीत लिहितो आणि समोर आमचे मॅनेजर देसले साहेब इंग्रजीत शेरा मारतात. काम होवो न होवो, शेरा वेळेवर पडतो.

*

पावसाळ्यात छत गळायला लागलं. शेरा आला, 'ॲट एनी कॉस्ट' दुरुस्त करणे. आम्ही नव्या पत्र्यांचा खर्च पाठवला, तर नामंजूर! वर दोन बादल्या वाढवून मिळाल्या.

*

बायकांच्या टॉयलेटला कडी नव्हती. शेरा, 'विदाउट फेल' बसवणे. तीन महिने पॅकिंगची एक ताई आत गेली की दुसरी दाराशी पहारा द्यायची. लाज वाटायला हवी होती कुणाला तरी! शेवटी एकीच्या नवऱ्याने घरून कडी आणून ठोकली. त्याच दिवशी साहेबांनी पुढे लिहिलं, 'डन सक्सेसफुली'. माझं डोकंच फिरलं.

*

परदेशी पाहुणे यायचे होते, तेव्हा रंगकाम 'ऑन वॉर फूटिंग' निघालं. एका दिवसात सगळं चकाचक. पत्रा कापणाऱ्या प्रेसची जाळी तुटून कोपऱ्यात पडली होती. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. तीसुद्धा पिवळीधमक रंगवली आणि परत कोपऱ्यातच ठेवली!

*

ती प्रेस चांदवडचे दौलतराव चालवायचे. जाळी बसवा म्हणून त्यांनी चार वेळा लिहिलं. चारही वेळा शेरा एकच, 'ऑन प्रायॉरिटी'. पाचव्यांदा लिहायच्या आधी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

साहेबांनी लगेच कागद तयार केला, की ऑपरेटरने 'बाय मिस्टेक' हात आत घातला. सही झाली की कंपनी मोकळी आणि सगळा दोष दौलतरावांचा. दवाखान्यातून सुटल्या दिवशीच त्यांना केबिनमध्ये बसवून कागद आणि पेन पुढे केलं. मी सोबत होतो.

दौलतरावांनी मला रजिस्टर आणायला सांगितलं. साहेबांकडून चारही शेरे मोठ्याने वाचून घेतले. मग डाव्या हाताने पेन साहेबांकडे परत सरकवलं.

"करतो ना सही, साहेब," ते म्हणाले. "ऑन प्रायॉरिटी."