एक शब्द, दोन राजीनामे

“इनसे कहो, राजीनामा लिख दें. बात खत्म.”

इन्स्पेक्टर साहेब एवढंच बोलले आणि पाण्याचा तांब्या उचलला. मी गुरुजींकडे वळलो. “साहेब म्हणतात, राजीनामा लिहून द्या.”

मी तर्जुमान होतो. साहेबांची उर्दू लोकांना मराठीत सांगायची आणि लोकांची मराठी साहेबांना उर्दूत, हे माझं काम. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूतच चाले. सोनारीजवळच्या एका गावात आम्ही शाळा बघायला गेलो होतो. शाळा कसली, शिवलिंग शेटजींच्या वखारीत हे गुरुजी मुलांना मराठी शिकवायचे. सरकारी परवानगी नव्हती. त्यात शेटजींची तक्रार.

“पोरं माज्या ज्वारीच्या पोत्यांवर बसून पाढे म्हणत्यात साहेब. उंदरं तेवढी पळाली, दुसरा फायदा न्हाय.”

मी तर्जुमा केला तसे साहेब खो खो हसले. हैदराबादच्या विद्यापीठातून ते नुकतेच बाहेर पडले होते. तिथं डॉक्टरीसुद्धा इंग्रजीऐवजी उर्दूत शिकवत, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. बैलगाडीत मला म्हणायचे, “परक्या भाषेत शिकणं म्हणजे अर्धं शिकणं, हे आम्हाला विद्यापीठानं शिकवलं. मग मराठी मुलाला उर्दू परकीच की!” कचेरीत असं बोलायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

त्यांनी शेटजींना पटवलं. सकाळी शाळा, दुपारनंतर पोती. वाद मिटल्याचं दोघांनी लिहून दिलं की साहेब मराठी शाळेला परवानगी मिळवणार होते. शेटजी आपल्या कागदावर सही करून भूमच्या बाजाराला गेले. गुरुजी तोवर आत मुलांपाशी होते. मग त्यांना बाहेर बोलावलं.

आता त्या शब्दाचं. आमच्या मुगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, कचेरीच्या भाषेत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. दोन्ही बाजू राजी. नोकरी सोडायची तर इस्तिफा. गुरुजी बार्शीचे, इंग्रजी मुलखातले. तिकडं राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, आज आपण म्हणतो तेच.

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. “माझं काय चुकलं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण साहेबांनी सकाळीच माझ्या तर्जुम्याची तारीफ केली होती. त्यांच्यासमोर ‘माझी चूक झाली’ म्हणायला जीभ रेटेना. संध्याकाळी एकट्यात समजावू असं ठरवलं आणि म्हणालो, “साहेबांचा हुकूम आहे.”

गुरुजींनी लिहून दिलं. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. “क्या लिखा है?”

“राजीनामा, साहेब.”

“बहुत खूब!” साहेबांनी उठून गुरुजींचा हात हातात घेतला. गुरुजींनी तो सोडवून घेतला.

संध्याकाळी गेलो तर वखार रिकामी. गुरुजी वळकटी घेऊन बार्शीला निघून गेले होते. बार्शी काही लांब नव्हती. मी गेलो नाही. शेटजी बाजारातून परतले ते मला विचारत होते, “म्या तर जागा दिली. मग मास्तराला साहेबानं का घालवलं?”

पुढच्या दौऱ्यात साहेब परवानगी, पाट्या आणि मराठी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले. वखारीत आढ्यापर्यंत पोती. ते दारातच थबकले. शेजारची गंगूबाई पुढं आली.

“आता काय बघताय? राजीनामा लिवून घेतला न्हवं मास्तराकडनं?”

साहेबांना त्यातला एकच शब्द कळला. “हाँ हाँ, राजीनामा!”

“बगा, वर मान करून कबूल करतोय! माजी लेक अर्धी बाराखडी टाकून श्यान गोळा करतीय, तुमच्यापायी!”

साहेब माझ्याकडे वळले. “क्या कह रही हैं?”

मी म्हणालो, “गुरुजी आपणहून गेले. गावाला शाळा नको, म्हणते.”

साहेब पायरीवर खाली बसले. “त्यांच्या स्वतःच्या भाषेतली?” ते उर्दूत पुटपुटले. “तीसुद्धा नको?”

पुस्तकं त्याच गाडीतून परत गेली. त्यानंतर विद्यापीठाचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

निजामाच्या साहेबानं मराठी शाळा बंद पाडली, असं त्या गावात आजही सांगतात. ती मी बंद पाडली. बऱ्याच वर्षांनी गंगूबाईची मुलगी शेताच्या कामासाठी कचेरीत आली. तिनं अंगठा उठवला. शाईचा पॅड माझ्याच टेबलावर होता.

अवघड शब्द आला की मी दोनदा विचारून घ्यायचो. राजीनामा सोपा होता.