आत उघडणारं दार

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर ते घर कुठे चुकलं आहे हे सांगितलं नाही, असा एकही दिवस आमच्या हिच्या मामेभावाच्या आयुष्यात उगवला नसेल. नव्वदच्या दशकात कंपनीने मला नागोयाला पाठवलं, तेव्हा स्टेशनवर घ्यायला हेच आले होते. आमच्या इवल्याशा फ्लॅटमध्ये शिरून त्यांनी चहाच्याही आधी भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ही भिंत तुमच्या संसाराच्या आड येणार बरं का!" पुढे आठवडाभर ही त्या भिंतीकडे संशयाने बघत होती. भिंत कंपनीची होती, संसार आमचा होता, आणि दोन्ही पाडायची आम्हाला परवानगी नव्हती.

ही त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही. पुण्याला आर्किटेक्ट होऊन दादा शिष्यवृत्तीवर जपानला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. एका बांधकाम कंपनीत ते वर्षानुवर्षं अपार्टमेंटच्या न्हाणीघरांचे नकाशे काढत होते, सगळी एकाच मापाची. मनाने मात्र त्यांचा मुक्काम बर्लिनला असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बंगले बांधणारा कुणी एक जर्मन आर्किटेक्ट त्यांना कॉलेजच्या लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकात भेटला, आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्याची सुटका झाली नव्हती. दादा त्याला 'साहेब' म्हणत. साहेबांनी पहिला बंगला सासऱ्यांना बांधून दिला. तो बघून सासऱ्यांच्या मेव्हण्याने बांधून घेतला, मेव्हण्याचा बघून त्याच्या दंतवैद्याने, आणि असं करत करत अर्धं उपनगर साहेबांच्या उतरत्या छपरांखाली आलं. पुढे सपाट छपरांची फॅशन आली. साहेबांनी उतार सोडला नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनी साहेबांना सोडलं. इथपर्यंत आलं की दादा हमखास चष्मा काढून पुसायचे. दादांना जर्मन येत नाही आणि ही सगळी कारकीर्द त्यांनी फोटोंवरून जुळवली आहे, हे मला फार उशिरा कळलं. दंतवैद्य तर बहुधा त्यांच्याच पदरचा असावा.

"ह्यांच्या साहेबांचं श्राद्ध तेवढं घालायचं राहिलंय आमच्याकडे," वहिनी म्हणायच्या. वहिनी जपानी, पण मराठी हिच्या मामींकडून शिकलेल्या, त्यामुळे टोमणा अस्सल पुणेरी.

अशात वहिनींच्या आईचं जुनं लाकडी घर पाडून नवं बांधायचं ठरलं, आणि सासूबाईंनी ते काम जावयाला दिलं. पन्नाशीला टेकलेल्या दादांच्या आयुष्यातलं हे पहिलं घर! सासूबाईंच्या धाकट्या भावालाही घर बांधायचं होतं. "हे बघून ठरवतो," असं ते म्हणाले होते. म्हणजे मेव्हणाही तयार होता, आता दंतवैद्य मिळायचा तेवढा बाकी. दादांनी न्हाणीघरांच्या नोकरीचा राजीनामा मनातल्या मनात लिहूनही टाकला.

घर खरोखर देखणं झालं, हे मला मान्य करावं लागेल. घोटाळा दाराचा झाला. जपानी घराचं पुढचं दार बाहेर उघडतं, कारण दारातून आत गेल्या गेल्या बूट काढून ठेवायची सखल जागा असते, तिला गेंकान म्हणतात. हे दादांना वहिनींनी सांगितलं, कंत्राटदाराने वाकून वाकून सांगितलं. "साहेबांचं दार आत उघडतं," एवढं बोलून दादांनी विषय संपवला.

वास्तूच्या दिवशी पाहुणे आले. जपानी शिस्तीप्रमाणे प्रत्येकाने आपले बूट दाराकडे तोंड करून नीट जोडीने ठेवले, आणि प्रत्येक नव्या पाहुण्याने दार ढकलून ते सगळे कोपऱ्यात झाडून टाकले. सगळ्यात शेवटी सासूबाईंचे भाऊ आले. दार वीतभर उघडलं आणि बुटांच्या ढिगात रुतून बसलं. आतून सगळे "दोझो, दोझो" म्हणून या या करताहेत, बाहेर ते गृहस्थ फटीला नमस्कार करताहेत, आणि मध्ये आमचे आर्किटेक्ट गुडघ्यांवर बसून बूट उपसताहेत! शेवटी केकचा खोका सांभाळत ते गृहस्थ तिरके होऊन आत शिरले, घरभर फिरले आणि हसून म्हणाले, "छान आहे. मी विचार करतो."

"संपलं," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "आमच्यात नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात."

पुढच्या रविवारी दादा स्वतःच सुताराला घेऊन दार बदलायला गेले. सोबत वहिनी आणि मी. वाटेत दादा नव्या दाराची मापं पुन्हा पुन्हा तपासत होते, साहेबांचं नावही न काढता. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात काही बोलल्या. वहिनींनी मला मराठीत सांगितलं, "आई म्हणतेय, दार बाहेर उघडलं की आलेल्या माणसाला आधी एक पाऊल मागे सरावं लागतं. बाबा गेल्यापासून तसं कुणी येतही नाही फारसं. आता जो येईल तो सरळ आत येऊ दे. बूट मी उचलून ठेवत जाईन."

दादा पायरीवर बसले आणि तोंड झाकून रडले. सुतार चहा पिऊन परत गेला.

दुसरं घर दादांना कुणी दिलं नाही. ते पुन्हा न्हाणीघरांकडे वळले. नागोया सोडायच्या आधी आम्ही सासूबाईंचा निरोप घ्यायला गेलो. बेल वाजवून मी सवयीने मागे सरलो, तर दार आत गेलं आणि समोर त्या उभ्या. मध्ये काहीच नव्हतं. जपानमध्ये मी इतकी वर्षं काढली, पण असा सरळ त्या एकाच घरात गेलो. ते बांधणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.