अनंत खडपे यांस सणसणीत उत्तर

चहा घ्या, निवतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी जी वाट लागलीय ती ऐकताना निदान वाईट वाटल्यासारखं तोंड करा. मित्रासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

तर तुम्हाला माहीतच आहे, मी कादंबऱ्या लिहितो.

माहीत नाही? बघा, मी तेच म्हणतोय! कादंबऱ्या मी स्वतःच्या नावाने लिहितो, कारण त्या कोणी वाचत नाही, त्यामुळे धोका नाही. पण जोडधंदा म्हणून मी एका पेपरच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहितो, आणि ती मात्र लोक वाचतात. म्हणून ती ‘अनंत खडपे’ या नावाने. मराठीत लिहिणारा माणूस दुसऱ्या लिहिणाऱ्याला कुठल्या ना कुठल्या लग्नात भेटतोच. ज्याला रविवारी झोडपला तोच मुलुंडच्या हॉलमध्ये पंगतीत शेजारी येऊन बसला, तर घास घशाखाली उतरेल का सांगा.

मी मुळात भित्रा माणूस. रिक्षावाला ‘नही जाएगा’ म्हणाला तरी मीच त्याला सॉरी म्हणतो. खडपे मात्र बेधडक. तो कोणाच्या बापाला घाबरत नाही. खडपे म्हणजे मी, हे फक्त तिघांना माहीत होतं: पुरवणीच्या संपादक मंजिरी मॅडम, बायको शुभा आणि आमचे बाबा.

बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ते घरातच आहेत. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला आमची सोसायटी. खिडकीतून झाडं दिसतात, पण झाडांशी किती बोलणार माणूस? बाबांचा खरा आधार म्हणजे वरच्या मजल्यावरचे आबा. दोघे एकाच तालुक्यातले, दोघांचे वडील गिरणीत. आबा रोज सकाळी खाली येतात, बाबांच्या खाटेशी बसून पेपर मोठ्याने वाचतात आणि मग दोघे मिळून जगाला मालवणीत शिव्या घालतात. आबा गावाला गेले की बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. धड जेवतसुद्धा नाहीत.

एवढं लक्षात ठेवा, कारण माझा सगळा जीव इथेच अडकला होता.

झालं काय, परीक्षणासाठी एक जाडजूड कादंबरी आली. ‘उकड्या तांदळाची पेज’. लेखक रत्नाकर भिकाजी परब. मागे फोटो, काळेभोर केस, जाड कल्ले. मी वाचली... म्हणजे, वाचली असं म्हणू या. आणि खडपेने लिहिलं: ‘या कादंबरीतली माणसं सकाळी पेज जेवतात, दुपारी मासे जेवतात, रात्री उरलेलं जेवतात. उपाशी राहतं ते फक्त कथानक.’

काय खूश झालो होतो मी त्या वाक्यावर! शुभाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे, पण त्या बिचाऱ्याला काय वाटेल रे?” मी म्हटलं, “अगं, तो काय आपल्या घरी येणार आहे?”

रविवारी सकाळी तो आमच्या घरी आला.

अहो, खरंच! दार उघडलं तर आबा. हातात पुरवणी, चेहरा पार उतरलेला. मी अजूनही काहीच समजलो नव्हतो. आबांच्या दारावर ‘परब’ अशी पाटी आहे, पण आमच्याच सोसायटीत चार परब आहेत हो! मागचा फोटोही त्यांच्या तरुणपणचा. आणि आबांना रत्नाकर असं काही नाव असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असतं का? आबा म्हणजे आबा.

“काय रे, तोंड कित्याक असा केलंस?” बाबांनी विचारलं.

“पुस्तक लिवलंय मी,” आबा खाली बघून म्हणाले. “कोणाक बोललंय नाय. पेपरात छापून इला की मगेच सांगतलंय, असा ठरवलेला. आणि आज ह्या छापून इला.”

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझं परीक्षण. माझ्याच घरात. मोठ्याने. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचं गाळणं घेऊन उभा. ‘उपाशी राहतं ते फक्त कथानक’ इथे आबांचा आवाज फाटला. शुभाने माझ्याकडे असं बघितलं, की मी गाळण्याच्या मागे तोंड लपवलं. गाळण्यामागे किती लपणार?

“कोण रे हो खडपे?” बाबा म्हणाले. बाबा! ज्यांना सगळं माहीत होतं!

“पुण्याचोच आसतलो,” आबा म्हणाले. “आपल्या हयचो माणूस असा लिवचो नाय.”

“मगे सोडू नको त्याका. सणसणीत उत्तर दी. आमचो दिनू आसा मरे, तो लिवन दितलो.”

दिनू म्हणजे मी.

आबा गेल्यावर मी बाबांच्या खाटेशी जाऊन कपाळ बडवून घेतलं. “बाबा, काय केलंत हे? त्यांना कळलं तर ते परत पायरी चढणार नाहीत आपली. मग तुम्ही काय करणार?”

“मी काय करणार ते तू लिहिताना बघायचं होतंस,” बाबा म्हणाले आणि भिंतीकडे वळले. “दुखणं तू दिलंस ना? मग औषध पण तूच दे.”

दिलं. काय करतो? संध्याकाळी वर जाऊन एक सभ्य खुलासा लिहिला. ‘आदरणीय समीक्षकांच्या मताचा पूर्ण आदर राखून...’ आबांनी ऐकलं आणि कागद बाजूला सारला.

“ह्यात मीठ खय आसा रे? तुका राग येता काय नाय?”

मग आबा खोलीत फेऱ्या मारत बोलायला लागले आणि मी उतरवून घ्यायला लागलो. खडपेची सात पिढ्यांची कुंडली निघाली. मी ती छापण्यासारख्या भाषेत बसवत होतो आणि मान डोलावत होतो. मध्येच ते थांबले. म्हणाले, “गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या घरात पेजेत शितां शोधूची लागायची. म्हणान मी माझ्या पुस्तकात कोणाक उपाशी ठेवूक नाय.”

माझा हात थांबला. खरं सांगतो, त्या क्षणी मला खडपेचा मनापासून राग आला. आबांचं ते वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. आणि त्याच्यावर माझ्या पदरचं एक घातलं: ‘श्री. खडपे पुस्तकाची पहिली पन्नास पानं वाचतात, शेवटची दहा चाळतात आणि मधलं सगळं स्वतःच्या हुशारीने भरून काढतात.’ हे आबांना सुचलं नव्हतं. मला सुचलं. कसं सुचलं ते विचारू नका.

वाटलं, छापतील एखाद्या कोपऱ्यात आणि संपेल. कसलं काय! पुढच्या रविवारी अर्धं पान! सोसायटीच्या ग्रुपवर आबांना हार घातलेले फोटो, टाळ्या, नमस्कार. बोरीवलीतल्या बोरीवलीत आबा एकदम फेमस. आणि मंजिरी मॅडमचा मला फोन.

“सर, काय वाद पेटलाय! झकास! आता खडपेंचं प्रत्युत्तर हवं.”

“मॅडम, खडपे जरा आजारी...”

“खडपे गप्प बसले तर सदर बंद करावं लागेल हां.”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सदर गेलं तर माझं लिहिलेलं वाचणारं कोणी उरत नाही. म्हणून मी खडपे होऊन आबांना उत्तर दिलं. मग आबा होऊन खडपेला उत्तर दिलं. सकाळी खाली बसून आबांवर टीका, संध्याकाळी वर बसून स्वतःवर. जिन्यात मध्यावर पोचलो की मी आत्ता कोणाच्या बाजूचा आहे तेच मला आठवेना! आबांनी “दिनू” अशी हाक मारली तरी मी दचकायचो.

आणि त्यात तो फोन! आबा आमच्याकडे बसलेले. मोबाइल वाजला, घाईत माझा अंगठा स्पीकरवर पडला.

“खडपे सर, झालं का लिहून?”

“राँग नंबर,” मी ओरडलो आणि फोन बंद केला.

आबांनी चष्मा वर केला. “खडपे म्हणाली मगे ती?”

“तो... प्लंबर. खडपे प्लंबर. त्याचा आणि माझा नंबर सारखाच आहे. सारखे फोन येतात, यार!”

“लिवन काय झाला म्हणाली.”

“एस्टिमेट! एस्टिमेट लिहून हवं असेल.”

शुभा उठून आत गेली. तिचे खांदे हलत होते.

“प्लंबर आसा तर बरा,” आबा म्हणाले. “माझा बेसिन गळता. धाड त्याका.”

झालं! आता खडपे प्लंबर कुठून आणू? नाक्यावरच्या यादवला गाठलं. म्हटलं, चौथ्या मजल्यावर गेलास की तुझं नाव खडपे. तो घाबरला. “साब, लफडा तो नहीं है ना?” मी म्हटलं, “है, लेकिन मेरा है.” बिचाऱ्याने बेसिन उत्तम दुरुस्त केलं. पण नुसतं नाव ऐकून आबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

यातून कसंबसं निभावतोय, तोवर मंजिरी मॅडमचा परत फोन. आवाजात साखर. मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे.

“सर, रागावू नका हं. आमच्या मीटिंगमध्ये असं ठरलं की आता सदर परबांनाच द्यावं. वाचकांना त्यांचं फार आवडतंय. त्यांच्यासमोर खडपे जरा... फिके पडतात.”

म्हणजे माझ्या लिहिण्यापुढे माझं लिहिणं फिकं पडलं आणि त्यात माझं सदर गेलं! असा माणूस तुम्ही दुसरा पाहिलाय?

“आणि गंमत म्हणजे,” त्या पुढे म्हणाल्या, “पहिल्या लेखासाठी त्यांनी तुमचीच नवीन कादंबरी मागून घेतलीय. सोमवारी ते ऑफिसात येतायत फोटोसाठी. तेव्हा त्यांना सांगूनच टाकते खडपे कोण ते. किती हसतील ना?”

हसतील! मला डोळ्यांसमोर बाबा दिसले. भिंतीकडे तोंड करून पडलेले.

मी शुभाला म्हटलं, “मी वर जाऊन सगळं सांगतो. त्यांना परक्या बाईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.”

“जा,” ती म्हणाली. “आणि रडलास तरी चालेल, पण जोक मारू नकोस.”

लिफ्ट समोर उभी असून मी जिन्याने गेलो. तेवढाच उशीर. आबांनी दार उघडलं. त्यांच्या हातात माझी कादंबरी होती आणि कानावर पेन्सिल. मी खुर्चीच्या टोकावर बसलो.

“आबा, एक सांगायचंय. तुम्ही रागावाल. तुम्ही मला दोन थोबाडीत मारा, पण बाबांकडे यायचं बंद करू नका. त्यांना तुमच्याशिवाय कोणी नाही.”

“काय झाला रे?”

“आबा, तो खडपे... मीच.”

आबांनी उठून माझ्या कपाळाला हात लावला.

“ताप नाय तर खोटा कित्याक बोलतंस?”

“खोटं नाही आबा! ते परीक्षण मी लिहिलं. ती उत्तरं मी लिहिली. तुमची पण आणि त्याची पण!”

“माझी उत्तरां माझी,” आबा जरा कडक आवाजात म्हणाले. “मी सांगितलंय, तू उतरवलंस. नुसते काने-मात्रे बघलंस तू.”

“बरं, ती तुमची. पण खडपे मी! मंजिरी मॅडमना विचारा हवं तर!”

“तिका पण सांगून ठेवलंस?” आबांचा आवाज एकदम मऊ झाला. ते माझ्या शेजारी येऊन बसले, पाठीवरून हात फिरवू लागले. “असा बघ दिनू. खडपे वायट माणूस. पण लिवता झणझणीत, कोणी काय म्हणांदे. आणि ह्या तुझा पुस्तक मी कालपासून वाचतंय. वीस पानां झाली. दोनदा डोळो लागलो. तुका ता जमाचा नाय रे, बाबा.”

आता काय पुरावा देणार? पुरावा त्यांच्या मांडीवर होता आणि तो माझ्याच विरुद्ध जात होता.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आबांनी तेव्हा नाही, पण नंतर विचार केला असेल तर? सकाळी येतील की नाही? मी आणि शुभा दाराकडे कान लावून बसलो. बाबा तर पहाटेपासून दाढी करून तयार.

बेल वाजली. आबा आले, बसले, पेपर उघडला, आणि लगेच मिटला.

“ऐकलंस काय?” ते बाबांना म्हणाले. “तुझो झील काल वर इलो आणि म्हणता, तोच खडपे!”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. सांगा म्हणून जोडले की सांगू नका म्हणून, ते माझं मलाच कळत नव्हतं. बाबांनी एक मोठा उसासा सोडला आणि आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मनार घेव नको रे,” बाबा म्हणाले. “ल्हानपणापासून तो असोच. दुसऱ्याचा काय बरा दिसला, की ‘ता माझा’ म्हणता.”