पाण्याने पेललेली हाडं

मास्तर संतापले की पाण्यात उतरत आणि शांत होऊन बाहेर येत. यंदा पाणीच बंद झालं, त्यामुळे राग सगळा घरात साठला.

तरणतलावावर पोहायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही पहाटेची तुकडी त्यांचीच. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. शरीरातलं पुरुषी हार्मोन आटवायचं, म्हणजे गाठीची उपासमार होते. मास्तरांच्या अंगाला झळा लागत, दंड सैल पडले. पण कोणी काळजी दाखवली की म्हणत, "रोज पोहतो मी. मला काय धाड भरलीय?" सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ते 'रस्ते मोजणारे' म्हणून हिणवत.

एका पहाटे तलावाच्या काठावरची ओली दोरी उचलायला वाकले आणि पाठीत कट्‌कन झालं. दोरी ती केवढी, शेंबड्या पोरानेही ओढली असती.

कॅन्सर हाडांत उतरला, असंच घरात सगळ्यांनी धरलं. तपासण्या झाल्या. हाडांची डॉक्टर त्यांच्या मुलीहूनही लहान.

"कॅन्सर हाडांत नाही, काका. हाडंच विरळ झालीत, म्हणून मणका दबलाय. इंजेक्शनं सुरू करताना हाडांची घनता मोजली होती?"

"मोजायची असते हे मला कोण सांगणार होतं?"

"त्या इंजेक्शनांनी हाडं झिजतात. व्यायाम काय करत होता?"

"पोहत होतो," मास्तर छाती काढून म्हणाले. छाती काढताना कळ आली.

"पोहणं चांगलंच. पण पाण्यात तुमचा भार पाणी उचलतं. हाडावर भार पडला नाही तर ते मजबूत होत नाही."

'पाण्यावर भार टाक, ते उचलतं' हे पहिल्या दिवशीचं वाक्य मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना शिकवलं होतं.

हाडं बळकट करायचं औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि कळ ओसरल्यावर शिकवतील तसं चालणं, जिने, हलकी वजनं, असं ठरलं. ओल्या फरशीवर तोल सांभाळता येईपर्यंत तलाव बंद. पहाटेची तुकडी दुसऱ्या कोणाकडे गेली. मास्तरांना कॅन्सरपेक्षा ते जास्त झोंबलं.

"अहो, किती वर्षं म्हणतेय, बाजारापर्यंत चला माझ्याबरोबर," बायको म्हणाली.

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही, म्हणून तर फुकट सांगत होते."

पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी मास्तर कंबरपट्टा बांधून कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर खुशीत होते.

"रक्तातला कॅन्सरचा आकडा छान खाली आलाय."

"मणकाही आलाय."

"या वयात हाडांचं थोडंफार होतंच."

"वयावर ढकलू नका. मी पोराला पाण्यात उतरवण्याआधी खोली सांगतो. तुम्ही मला न सांगता ढकललंत."

"काका, इथली गर्दी बघताय ना?"

"माझ्या तलावातही गर्दी असते. एकही पोर बुडालेलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तरांनी इंजेक्शन घेतलं. ते सोडायचं नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

बाहेर बाकावर एक गृहस्थ फाइल कवटाळून बसले होते.

"पहिलं इंजेक्शन?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"आत गेलात की विचारा, हाडं कधी मोजणार. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका."

बायको लिफ्टपाशी थांबली होती. मास्तर जिन्याकडे वळले.

"अहो, लिफ्ट आलीय."

"लिफ्टही पाण्यासारखीच. आयतं उचलते. मला माझी तुकडी परत हवीय."

"मग कठडा तरी धरा."

त्यांनी धरला. दात-ओठ खात का होईना, धरला.