दुप्पट मावणारी टेप

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस मी एकटाच होतो आणि हेच कारखान्याचं दुर्दैव होतं.

अक्कलकोट रस्त्यावरचा हा कारखाना थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा. माग दादा बघायचा, हिशेब वहिनी बघायच्या आणि सर्व्हरच्या खोलीत एसी असल्यामुळे तिथलं सगळं मी बघायचो. डिझाइनं, ऑर्डरी, सारं त्या सर्व्हरवर. दर शनिवारी त्याची नक्कल कॅसेटसारख्या टेपवर उतरवून मी ती घरी कपाटात ठेवायचो. पण डिझाइनं वाढत गेली आणि टेप पुरेना. त्यातच सर्व्हरची डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, आधी पूर्ण नक्कल घ्या, मगच मी डिस्कला हात लावतो.

मोठ्या टेपचं यंत्र निवडायचं काम माझ्यावर आलं. मी सखोल अभ्यास केला (म्हणजे खोक्यांवरचे आकडे वाचले). पुण्याच्या विक्रेत्याकडून एक यंत्र पसंत केलं, जुनं त्याला बदल्यात देऊन टाकलं आणि नवी टेप एकच घेतली. विक्रेता म्हणत होता, दोन-चार घेऊन ठेवा. मी त्याच्याकडे दयेनं बघितलं. एकीत सगळं मावतंय, तर दुसरी कशाला?

शनिवारी वहिनींनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. मी बटण दाबलं. दुपारपर्यंत यंत्र गुणगुणत होतं. मग त्यानं टेप बाहेर काढली आणि पडद्यावर दुसरी टेप मागितली. निम्मी डिझाइनं अजून सर्व्हरवरच होती.

मी पुण्याला फोन लावला. खोक्यावरचा मोठा आकडा, विक्रेता म्हणाला, माहिती दाबून बसली तरच खरा असतो. खरी जागा त्याच्या निम्मीच. तुमची डिझाइनं आधीच दाबलेली आहेत, ती आणखी काय दबणार?

दादाला मी समजावलं, की ट्रंकेत गोधड्या दाबल्या तर दुप्पट बसतात, पण आपली डिझाइनं म्हणजे विटा आहेत.

दादा शांतपणे म्हणाला, "विटा हायत हे घेताना ठावं नव्हतं व्हय?"

सोलापुरात तशी टेप मिळेना. एका दुकानदारानं तर खोकी बंद करायची चिकटपट्टी पुढे केली. ती कितीही लांब निघते, असंही सांगितलं. शेवटी विक्रेत्यानं टेप पुण्याच्या गाडीनं पाठवली. तोवर डिस्कचा आवाज वाढला होता. परदेशी ऑर्डरीची नवी डिझाइनं राहिलेल्या निम्म्यातच होती. एसी असूनही वहिनींनी घरचा कूलर आणून सर्व्हरपुढे लावला आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या, आजारी माणसाजवळ बसावं तशा. मी स्टँडवर उभा होतो. गाडी दिसली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसरी टेप भरली. नक्कल पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी डिस्कनं मान टाकली. नवी डिस्क बसवून आम्ही दोन्ही टेपांवरचं सगळं तिच्यावर परत उतरवलं. एकेक डिझाइन जसंच्या तसं उघडत गेलं, तेव्हा दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. थांबलेले मागही सुरू झाले.

तेव्हापासून घरात काहीही घ्यायचं असलं, अगदी पिठाचा डबासुद्धा, तरी वहिनी आधी मला विचारतात, "भावजी, केवढा पुरंल?"

मी सांगतो. त्या त्याच्या दुप्पट घेतात.